उघाडीवरची ठमाबाई आणि परग्रहावरची माणसे

आमच्या पाड्यात सर्वांत भित्री बाई कोण, असे विचारले असता लहान मूलसुद्धा ठमाबाईच्या घराकडे बोट दाखवीत असे. त्याच ठमाबाईकडे गेली एकतीस वर्षे उघाडी सांभाळण्याचे काम आहे. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. म्हणून उघाडी म्हणजे काय, ते प्रथम सांगते.

पेणच्या पश्चिमेस आमची शेते खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा उंच बांध आहे. त्या बांधात दगडी चौकटीचे एक लाकडी दार आहे, तीच उघाडी. भरती चढू लागली की ते दार मिटले पाहिजे, आणि ओहोटी लागली की ते उघडून शेतातील पाणी बाहेर सोडले पाहिजे. यात चूक झाली किंवा बांधाला भोक पडले, तर खारे पाणी आत येते. ज्या शेतात खारे पाणी शिरले, त्यात पुढे तीन वर्षे भाताचा दाणा येत नाही. बांधाच्या आड चाळीस घरे आहेत. रात्री आम्ही झोपतो तेव्हा खाडीचे पाणी आमच्या उशापेक्षा उंच असते.

ठमाबाईचा जन्म इथला नव्हे. ती रोह्याच्या बाजूची, खांब गावची. तिच्या माहेरी पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात वाल होतात, आणि पाणी नेहमी एकाच दिशेने वाहते. ती लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाडीवर भांडी घासायला गेली आणि भांडी तिथेच टाकून धावत परत आली. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरत तिने सांगितले, “मामंजी, नदी उलटी चाललीय!” तिने त्यापूर्वी भरती कधी पाहिली नव्हती. त्या वाक्यावर पाडा पुढे कित्येक वर्षे हसला. हळदीला, बारशाला, कुठेही ठमाबाई दिसली की कोणीतरी विचारी, “काय गो, आज नदी सुलटी हाय ना?”

नंतरची गोष्ट हसण्याची नाही. लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि तिचा मुलगा जितेश पोटात होता. एका सकाळी बांधावरून येताना तिला आतल्या अंगाला ओलसर डाग दिसला. डाग परातीएवढा होता. घरी सासरे, दीर आणि चार शेजारी बसले होते. नव्या सुनेने पुरुषांच्या बैठकीत बोलण्याची रीत नव्हती. दुपारी सासूला सांगू, असे तिने ठरवले. दुपारच्या भरतीला त्याच जागी बांध फुटला. बांध फुटतो त्या जागेला आम्ही खांड म्हणतो. तिचा नवरा कान्हू इतर पुरुषांबरोबर खांडीत उतरला. पाण्याने त्याला आत ओढले. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर ठमाबाईने उघाडी मागून घेतली. तेव्हापासून ती रोज दोनदा बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते. खेकडे बांधात बिळे करतात आणि मोठे खिंडार लहान बिळापासूनच सुरू होते. ती प्रत्येक बिळात काठी घालून त्याची खोली पाहते, मग त्यात चिखल आणि पेंढा ठासते. पाड्याने तिला ‘खेकड्यांची सासू’ असे नाव ठेवले. ती रागावत नाही. ती म्हणते, “सासू तर सासू. पन घरात घुसू देनार नाय.”

आता आमच्या जोळीची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सर्व त्या रीतीमुळे घडले. बांध सांभाळणाऱ्या घरांच्या मंडळाला आम्ही जोळ म्हणतो. जोळीची एक काशाची थाळी आहे. बांधाला धोका दिसला की ती थाळी वाजवायची. थाळी ऐकली की प्रत्येक घरातून एक माणूस पेंढ्याची मोळी घेऊन बांधावर आलाच पाहिजे, मग घरात लग्न असो वा मयत. बांधावर घरांची हजेरी होते. आणि ज्याने थाळी वाजवली, त्याचा शब्द त्या वेळी शेवटचा. तो लहान असो, मोठा असो, वाद घालायचा नाही. पाण्यासमोर वाद घालण्यास वेळ नसतो म्हणून पूर्वजांनी असे ठरवले असावे.

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या पाड्यात दूरचित्रवाणीच्या मालिकेचे लोक आले. बांधाच्या बाहेर जुनी मिठागरे आहेत. तिथे आता मीठ पिकत नाही. जमीन राखेच्या रंगाची झाली असून तिला भेगा पडल्या आहेत, आणि उन्हात वरचा क्षार पांढरा चमकतो. मालिकेच्या लोकांना असाच ग्रह हवा होता. मालिकेचे नाव ‘दूरची वस्ती’. जोहे गावच्या कारखान्यात, जिथे आमचे गणपती तयार होतात, तिथे त्यांनी परग्रहावरचे खडक, घुमट आणि माणसांना निजवण्याच्या फायबरच्या कोठ्या तयार करून घेतल्या. ते काम करणारा निकेश सामान घेऊन इथेच राहिला. पाड्यातील अठरा माणसांना वस्तीतील रहिवासी म्हणून घेतले गेले. त्यांत ठमाबाईची सून अनिता होती, आणि जोळीचे प्रमुख असलेले माझे यजमान सखा हेही होते.

यजमान पहिल्या दिवशी चंदेरी पोशाख आणि डोक्यावर काचेचे शिरस्त्राण घालून तसेच घरी आले. आमचा कुत्रा त्यांच्यावर भुंकला आणि चुलीमागे जाऊन बसला. मी म्हटले, “तो हंडा काढा डोक्यावरचा. भाकरी काय कानातून खानार?”

ते आतून काहीतरी बोलले. मला ऐकू आले नाही. त्यांनाही माझे ऐकू आले नव्हते. त्या शिरस्त्राणातून बाहेरचा आवाज फारच थोडा पोहोचतो, हे मला त्या दिवशी कळले होते. मी ते लक्षात ठेवायला हवे होते.

ठमाबाईने निकेशला मालिकेची कथा विचारली. तेव्हा मी तिथे होते, म्हणून त्यांचे बोलणे जसे झाले तसे लिहिते.

“काय रं निकेश, ही मानसं त्या उजाड जागेत गेली कशाला?”

“आजी, त्यांची जमीन बुडाली. पृथ्वीवर जागा उरली नाय.”

“तिथं तरी सुखी हायत?”

“कुठलं सुख! बाहेर हवाच नाय. काचेच्या घुमटाखाली राहतात. काच तडकली की हवा निसटते. मंग रोज कोन ना कोन काचेला हात लावत फिरतो, कुठं भेग हाय का बघत.”

ठमाबाई म्हणाली, “म्हंजे बांधच की रं.”

“तसंच. आनि घुमटाचं दार एका बाईच्या ताब्यात असतं. मोठं वादळ येतं. एकोनीस मानसं बाहेर अडकतात. ती बाई दार मिटते.”

“मानसं बाहेर ठेवून?”

“व्हय. नायतर आतले चारशे मरतात.”

“ही कोनाच्या घरची रीत? लिहिनाऱ्याला सांग, बदल म्हनावं.”

निकेश हसला. “आजी, मी गनपती करनारा मानूस. मला फकस्त इचारतात, सोंड डावी का उजवी.”

परंतु ठमाबाई हसली नाही. तिचे लक्ष त्याच्या खांद्यावरून पलीकडे, बांधाकडे होते. मालिकेच्या जड गाड्या मिठागरात नेण्यासाठी बांधाचा माथा एका ठिकाणी कमरेएवढा खाली उतरवून वाट केली होती. काम संपताच बांध पूर्ववत करून देऊ, असे त्यांनी लिहून दिले होते आणि जोळीने संमती दिली होती. चाळीस घरांपैकी एकाच घराने नाही म्हटले होते.

“तेवढं तोंड तरी अमावास्येपूर्वी भरा,” असे ठमाबाईने रोज सांगितले. मालिकेच्या कामावर देखरेख करणाऱ्या मनस्वी मॅडम वयाने लहान आणि बोलण्यास नम्र होत्या. त्यांनी मोबाईलमध्ये भरतीचे वेळापत्रक दाखवून सांगितले, “मावशी, पाणी दोन फूट खालीच राहतंय. हे बघा, आकडे आहेत.”

“आकड्यात वारा हाय का?” ठमाबाईने विचारले.

काम मात्र थांबले नाही.

अमावास्येला ठमाबाईने थाळी वाजवली. सर्व घरे मोळ्या घेऊन आली, चित्रीकरण अर्धा दिवस बंद राहिले, आणि पाणी त्या वाटेच्या एक हात खाली येऊन थांबले. खरे पाहता अमावास्येपेक्षा द्वितीयेचे उधाण मोठे असते, हे आम्ही सर्वजण जाणतो. ठमाबाईही जाणते. परंतु भीतीमुळे तिला दोन दिवस थांबता आले नाही. माझे यजमान संतापले. ते चंदेरी पोशाखातच होते. म्हणाले, “ठमे, एवढ्या लोकांत माझं नाक कापलंस. आता ही थाळी माझ्या घरी राहील.” त्यांनी थाळी तिच्या हातातून घेतली आणि आणून आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगली.

ठमाबाईचे रिकामे हात थाळी धरल्यासारखेच राहिले होते.

द्वितीयेला सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला. दीड वाजता भरती भरते असा हिशेब. आमच्या खाडीत पाणी पोहोचायला आणखी तास लागतो. साडेबाराच्या सुमारास मी भाकऱ्या भाजत होते. ठमाबाई दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“कृष्णे, थाळी दे.”

“ते घरी नायत गो.”

“त्यांच्याकडं मागत नाय. तुझ्याकडं मागतंय. खेकडे बिळं सोडून बांधाच्या माथ्यावर चढलेत. सगळे.”

“परवा बी असंच झालं व्हतं. ते मला बोलतील.”

“बोलू दे. पानी बोलायला थांबनार नाय.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबले. मग दुसरी टाकली. यजमान काय म्हणतील, लोक काय म्हणतील, पुन्हा काही झाले नाही तर आमच्या घराचे हसे होईल, असा विचार मी करीत होते. ठमाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने आत पाऊल टाकले नाही आणि पुन्हा मागितलेही नाही. दुसरी भाकरी झाल्यावर मी थाळी खुंटीवरून काढून तिला दिली. दोन भाकऱ्यांचा हा वेळ माझ्या नावावर आहे. तो मी लपवीत नाही.

ती थाळी वाजवीत धावली. मी मोळी घेऊन तिच्या मागे गेले. बांधावर चढून मी पलीकडे पाहिले. मिठागर आणि बांध यांच्यामध्ये खाडीचा एक अरुंद फाटा आहे. त्यावर गाड्यांसाठी मातीची वाट घातली होती. ती वाट पाण्याखाली गेली होती. पाणी समोरून येत नव्हते, बाजूने फिरून मागून आले होते. आमच्या खाडीचा हा जुना स्वभाव आहे. पलीकडे मिठागरात माणसे समोरच्या कोरड्या जमिनीकडे पाहत काम करीत होती.

पाड्यातील माणसांनी थाळी ऐकली. ज्यांची शिरस्त्राणे हातात होती त्यांनी ऐकली, आणि त्यांनी इतरांना हलवून सांगितले. “कट! कट!” असे कोणीतरी ओरडले. मग चंदेरी पोशाखातील माणसे कमरेएवढ्या पाण्यातून बांधाकडे पळत येऊ लागली. त्यांच्यामागून मालिकेचे लोक आले. कॅमेरा एकाने डोक्यावर धरला होता. मनस्वी मॅडमना दोघींनी दंडाला धरून आणले.

वाचकांनी असे समजू नये की पाड्यातील माणसे जीव वाचवून घरी गेली. थाळी वाजली होती. ती सरळ उतरवलेल्या बांधाकडे आली. प्रत्येकाने बांधावरच्या गंजीतून पेंढ्याची मोळी उचलली. परग्रहावरच्या पोशाखातील माणसे काखेत पेंढा घेऊन ओळीने उभी राहिली. माझ्या यजमानांनी रीतीप्रमाणे हजेरी सुरू केली. ते एकेका घराचे नाव घेत आणि त्या घरातून उत्तर येई, “हाय.” “हाय.” “हाय.” ठमाबाईचे घर आले तेव्हा ठमाबाईनेच “हाय” म्हटले. चाळीस घरे भरली.

आमची रीत घरे मोजते. माणसे मोजत नाही.

तेवढ्यात जितेश धावत आला. ठमाबाईचा हा मुलगा धाटावच्या कंपनीत कामाला आहे. रात्रपाळी करून तो झोपला होता. त्याने सर्वांची तोंडे पाहिली, मग पुन्हा पाहिली. म्हणाला, “अनिता कुठं हाय?”

निकेश बांधावरच खाली बसला.

“कोठीत,” तो म्हणाला. “कोठीत हाय ती. झाकन लावलेलं हाय. बाहेरनं.”

त्या दिवशीच्या प्रसंगात अनिताला थंड झोपेतील स्त्री म्हणून फायबरच्या कोठीत निजवले होते. वर काचेचे झाकण होते आणि त्याच्या कड्या बाहेरून होत्या. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. तिला थाळी ऐकू आली नव्हती, आणि जोपर्यंत कोणी झाकण उघडत नाही तोपर्यंत हलायचे नाही, असे तिला बजावलेले होते.

निकेशने अंगातला सदरा काढून फेकला आणि पाण्यात उडी मारली. फाट्यात आता माणूस बुडेल एवढे पाणी होते. तो पलीकडे पोहोचला की नाही ते आम्हाला दिसले नाही, कारण वाऱ्याने पाण्याचे तुषार उडत होते. त्याच क्षणी पाण्याची पहिली जीभ उतरवलेल्या बांधावरून आत आली. ती हातभर रुंद होती. शेतात उतरताना तिचा आवाज झाला नाही. मी तिच्याकडे पाहत असतानाच ती दोन हात रुंद झाली.

माझे यजमान ठमाबाईकडे वळले. सर्वच वळले. तिने थाळी वाजवली होती.

जितेश त्या उतरवलेल्या जागेत जाऊन हात पसरून उभा राहिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांवरून आत जात होते. “मिटू नका!” तो ओरडला. “हीच वाट हाय. ती ह्याच वाटेनं येनार, एवढ्या उंच बांधावर पान्यातनं कशी चढेल? आये, सांग त्यांना.”

ठमाबाईचे दात वाजताना मी ऐकले. तिने एकदा मागे, पाड्याकडे पाहिले. तिथे अंगणात पाळणे होते, म्हातारी माणसे होती. मग तिने मिठागराकडे पाहिले. तिथे पाण्यावाचून काहीच दिसत नव्हते.

“मिटा,” ती म्हणाली.

“आये, अनिता बाहेर हाय!”

“ठाव हाय मला. मिटा.”

चौघांनी जितेशला उचलून बाजूला घेतले. त्याने एकाच्या हाताला चावा घेतला. त्याच्या तोंडून आईला उद्देशून जे शब्द निघाले ते मी लिहिणार नाही. आधी बांबू ठोकले, मग पेंढ्याच्या मोळ्या आडव्या टाकल्या, त्यावर चिखल, पुन्हा मोळ्या, पुन्हा चिखल. चंदेरी पोशाखातील माणसे छातीएवढ्या पाण्यात एकमेकांच्या कमरेला धरून उभी राहिली आणि बाकीच्यांनी त्यांच्या पाठीशी माती लोटली. मनस्वी मॅडम हातांनी चिखल उचलून देत होत्या. त्यांचे रडणे थांबत नव्हते आणि हातही थांबत नव्हते. ठमाबाई माथ्यावर उभी राहून सांगत होती, “डावीकडं. पुन्हा डावीकडं. तिथं अजून पाझर हाय.” तिचा आवाज इतका लहान झाला होता की तिचे शब्द मला मोठ्याने पुन्हा सांगावे लागत होते.

पाऊण तासाने तोंड मिटले. आत येणारे पाणी थांबले. बाहेरचे पाणी बांधाला लागून स्थिर झाले. तेव्हा कोणीही आनंद केला नाही. जितेश चिखलात पालथा पडला होता.

मग माझ्या यजमानांनी हात वर केला. पाण्यावर काहीतरी पांढरे हलत होते. ती कोठी होती. फायबरची असल्यामुळे ती तरंगत होती, आणि निकेश तिच्या मागच्या बाजूला धरून पाय मारीत होता. फक्त त्याचे डोके दिसत होते. ती बांधापाशी यायला फार वेळ लागला. झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी काचेपर्यंत आले होते आणि एक हात काचेवर आपटत होता. मग तो हात आपटायचा थांबला.

चार माणसे पाण्यात उतरली. कड्या चिखलाने अडकल्या होत्या. यजमानांनी फावड्याच्या दांड्याने त्या तोडल्या. अनिताला बाहेर काढून बांधावर पालथे घातले. शिरस्त्राणातून पाणी ओघळले. ती खोकली. पुन्हा खोकली. जितेशने तिचे डोके मांडीवर घेतले आणि आईकडे पाठ केली.

तोंड उघडे राहिले असते तर पाण्याच्या ओढीने ती कोठी आत खेचली जाऊन बांधाच्या आतल्या उतारावर उभ्या असलेल्या मालिकेच्या जनरेटरच्या गाडीवर आपटली असती, असे पुढे पाड्यातील पुष्कळ लोक सांगू लागले. ठमाबाईने हे ओळखूनच बांध मिटवला, असेही ते म्हणतात. मी तिला विचारले, “तुला हे तेव्हा ठाव व्हतं का?” ती म्हणाली, “नाय.” म्हणून मीही ते शहाणपण तिच्या नावावर लिहीत नाही.

अनिताला चार दिवस ताप होता. ती उठून बसू लागली तेव्हा मी पेज घेऊन गेले होते. ती सांगत होती, “मावशी, कोठी डोलायला लागली ना, तर मला वाटलं, काय झकास सोय केलीय ह्यांनी! अगदी आकाशात असल्यासारखी. मी हसू दाबून पडून राहिले. मंग पाठीला गार लागलं.” ठमाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडीत होती. अनिताने तिच्याकडे न पाहता विचारले, “आई, मी बाहेर हाय हे ठाव असून तुमी मिटा म्हनलात?”

“व्हय.”

“आनि पुन्हा तशी वेळ आली तर?”

ठमाबाईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “तेवा बी तेच म्हनेन,” ती म्हणाली. “नि तेवा बी असंच भ्यायला व्हईल.”

अनिताने मान वळवून तिच्याकडे पाहिले. मग ती पेज प्यायली. जितेश आता आईशी बोलतो, जेवायला बसतो, पगाराच्या दिवशी तिच्यासाठी खाऊ आणतो. बांधाविषयी मात्र तो तिच्याशी एक शब्दही बोलत नाही. त्या दिवसानंतर जोळीने हजेरीची रीत बदलली. आता आधी माणसे मोजतात.

मालिकेचे लोक दुसऱ्या दिवशीच निघून गेले आणि उरलेले काम त्यांनी दुसरीकडे केले. दिवाळीनंतर ‘दूरची वस्ती’ दूरचित्रवाणीवर लागली. ती पाहायला अर्धा पाडा आमच्या घरी जमत असे. घुमटाचे दार मिटण्याचा प्रसंग आला त्या दिवशी अनिता आली नाही. ठमाबाई आली आणि अगदी पुढे बसली. पडद्यावर ती अधिकारी बाई दार मिटते, तिच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळतो, वादळ येऊन जाते. दुसऱ्या दिवशीच्या भागात ती बाई नवे यंत्र जोडीत होती.

“बाहेरचे कुठं गेले?” ठमाबाईने विचारले.

“मेले गो,” माझे यजमान म्हणाले. “कथेत मेले.”

“ते समजलं. पन ती बाई?”

“ती हाय की समोर. बघ, यंत्र जोडतेय.”

“आज जोडतेय,” ठमाबाई म्हणाली. “दार मिटलं त्या दिवशी घरी जाऊन तिनं काय केलं? ते दाखवलंच नाय.”

जाहिराती लागल्या आणि लोक दुसरे बोलू लागले.

मालिकेतील त्या बाईचे मला ठाऊक नाही. ठमाबाईचे ठाऊक आहे, कारण बांध मिटला त्या दिवशी मी तिला घरी सोडायला गेले होते. अनिताला आत निजवले होते आणि जितेश तिच्यापाशी बसला होता. ठमाबाई अंगणात आली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ती उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली. अंगावरचा चिखल वाळून त्याला तडे गेले तरी ती तशीच बसून होती. मी आत चल म्हटले. तिने मान हलवली. ऊन उतरले, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. मग आतून अनिताचा आवाज आला. तो घोगरा होता.

“आई, पानी द्या.”

तेव्हा ठमाबाई भिंतीला धरून उठली आणि आत गेली.